पास्कफ्लॉवर लावलं की दर वर्षी मरतंय? आधी पाणी बघा, मग बाकीचं

तुमच्याकडे खालच्यातलं नक्की काय होतंय ते आधी बघा, कारण प्रत्येक दुखण्याचं कारण वेगळं असतं.

मागच्या वर्षी झाड छान होतं आणि यंदा एप्रिल अर्धा संपला तरी जमिनीतनं काही वर आलं नाही. किंवा आलं, केसाळ कळ्याही दिसल्या आणि मग देठ मऊ पडून कळीनं मान टाकली. किंवा फुलं झाली, पानं आली, पण जूनमध्ये पानं तळापासनं पिवळी, मग काळपट, आणि नुसतं धरून जरा ओढलं तर वरचा झुबका मुळाशिवाय हातात आला (हे सगळ्यात जास्त होतं). किंवा सकाळी बघावं तर कळीच गायब, खाली नुसता देठ. किंवा झाड जिवंत, हिरवंगार, पानांचा मोठा पसारा आणि फूल एकही नाही. किंवा जानेवारीनंतर रोप कोणीतरी खालून ढकलल्यासारखं जमिनीच्या वर आलेलं. किंवा बिया पेरून वर्ष झालं तरी काहीच उगवलं नाही.

मी अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला राहते, रॉकी पर्वताच्या पूर्वेकडच्या पायथ्याशी, म्हणजे ज्याला इथे फ्रंट रेंज म्हणतात, उंची साधारण ५००० फूट. बारा वर्षं हे फूल लावतेय. पहिल्या चार वर्षांत माझी नऊ रोपं गेली आणि तेव्हा मला कळतच नव्हतं की का जातायत, कारण मी साताऱ्याची, घरी आईची बाग, झाड मलूल दिसलं की पाणी घालायचं आणि पावसाळ्याआधी शेणखत टाकायचं हेच मला माहीत. त्याच सवयीनं ती नऊ गेली. आता अंगणात सतरा झाडं आहेत, सगळ्यात जुनं नऊ वर्षांचं, आणि इथल्या ओळखीच्या मराठी घरांमधली बरीच आजारी झाडं मी स्वतः जाऊन उकरून बघितलीयत. बहुतेक वेळा दुखणं एकच निघतं, मानेशी थांबलेलं पाणी.

ज्यांनी फूल बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गुढीपाडव्याच्या आसपास, बाकी सगळा डोंगर अजून वाळक्या गवताचा असतो तेव्हा, पाँडेरोसा पाइनच्या खाली खडकाळ उतारावर हे फूल येतं. जेमतेम चार-सहा इंच उंच, जांभळट, मधे पिवळा गोंडा, आणि कळी, देठ, पानं सगळ्यावर रेशमासारखी पांढरी लव. ऊन आलं की उघडतं, रात्री आणि ढगाळ हवेत मिटतं. बोल्डरला मेसा ट्रेलवर मार्च-एप्रिलमध्ये चाललात तर पायाशीच दिसतं. साउथ डकोटाचं हे १९०३ पासून राज्यफूल आहे, कॅनडात मॅनिटोबाचं १९०६ पासून. कूळ मोरवेलीचं, आपल्या कलौंजीचंही तेच. सह्याद्रीत मोरवेलीला पावसाळ्यानंतर पिसासारखे पांढरे झुबके येतात ना, तसेच झुबके याला मे-जूनमध्ये येतात. पास्क म्हणजे ईस्टर, युरोपातलं याचं भावंड ईस्टरच्या सुमारास फुलतं म्हणून हे नाव.

आता तपासणी. सोप्या आणि फुकटच्या गोष्टींपासून चालू करा आणि क्रम मोडू नका, कारण मी बघितलंय की लोक सगळ्यात आधी फावडं घेतात आणि जिवंत झाडाचं मूळ तोडून बसतात.

मेलंय का खरंच?

जुलै-ऑगस्टच्या कोरड्या उन्हात याची पानं पिवळी पडून वाळू शकतात आणि झाड खाली आरामात असतं. त्या वेळी घाबरून पाण्याचा पाइप लावला तर झोपलेल्या झाडाची मूळकूज व्हायला तेवढं पुरतं. वसंतातही घाई नको, सावलीच्या बाजूचं, उत्तरेकडचं झाड दोन-तीन आठवडे उशिरा उठतं, शेजारणीचं फुललं म्हणून आपलं मेलं असं होत नाही.

बघायचं कसं, तर हातानं वरची खडी हळूच बाजूला करा आणि जिथे मूळ संपून पानं सुरू होतात ती जागा बघा. मी त्याला झाडाची मान म्हणते. जिवंत मान बोटाला टणक लागते आणि टोकाला चंदेरी लवेचा छोटा पुंजका असतो, मांजराच्या कानासारखा मऊ. मेलेली मान तपकिरी, दाबली की बोट आत जातं आणि ओल्या चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी बोटाला लागतं, वास आंबूस. पहिलं असेल तर खडी परत लावा आणि पुढचं वाचत राहा, झाड वाचणार आहे. दुसरं असेल तर ते झाड गेलं, पण पुढचं वाचाच, कारण त्याच जागी नवीन लावलंत तर तेही तसंच जाणार.

एक सूचना इथेच, हातमोजे घाला. या झाडाच्या ताज्या रसानं कातडीला आग होते, कधी फोडही येतात, मोरवेलीच्या रसानं येतात तसेच.

बोट आणि वापसा

शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला वापसा काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी, माती ना चिखल ना ढेकूळ, हातात घेऊन मूठ दाबली तर गोळा होतो आणि बोटानं टोचलं तर फुटतो, ती अवस्था. इथली माती चिकण आहे, फ्रंट रेंजला बऱ्याच ठिकाणी भारी क्ले, आपल्या काळ्या मातीसारखी, ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगा. अशा मातीत वरचा एक इंच कोरडा ठणठणीत दिसतो आणि खाली तीन इंचांवर चिखल असतो. आपण वरचं बघतो आणि पाणी घालतो. नऊतली सहा-सात रोपं माझी याच्यात गेली.

म्हणून झाडापासनं चार-पाच इंचांवर बोट पूर्ण आत घाला, जात नसेल तर जुना स्क्रूड्रायव्हर घाला आणि बाहेर काढून बघा. चिकट ओली माती लागली तर पाणी घालायचं नाही, पान मलूल दिसलं तरी नाही, कारण कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही आणि मग झाड तहानेल्यासारखंच दिसतं. हे एवढं एक लक्षात ठेवलंत तरी निम्मी झाडं वाचतील. खाली पूर्ण कोरडं असेल आणि झाड पहिल्या वर्षाचं असेल तरच पाणी द्या, सकाळी, एकदाच, खोल.

हे का महत्त्वाचं ते सांगते. या पायथ्याला वर्षभरात सगळं मिळून, बर्फ वितळवून मोजलं तरी, साधारण १५ इंच पाणी पडतं. महाबळेश्वरला २०० इंचांच्या वर पडतं. हे झाड त्या १५ इंचांत, तेही खडकाच्या उतारावर जिथे पाणी थांबत नाही, जन्मलेलं आहे. मुळं सरळ खोल जातात आणि खालची ओल शोधतात. आपण वरनं रोज पाणी दिलं की मुळं वरच राहतात आणि मान कायम ओली.

स्प्रिंकलर

बोट ओलं निघालं आणि तुम्ही पाणी घातलेलं नाही, तर पाणी कुठून येतंय? दहातल्या सात घरी उत्तर स्प्रिंकलर. लॉनचा झोन (एकत्र चालू होणाऱ्या स्प्रिंकलरचा गट) आठवड्यात तीनदा चालतो आणि त्याचा फवारा दोन-तीन फूट बाहेर पडतो, आणि लोकांनी पास्कफ्लॉवर नेमकं लॉनच्या कडेला लावलेलं असतं, कारण तिथे छान दिसतं. इथल्या लॉनच्या गवताला उन्हाळाभरात पावसाच्या वर २० इंचांहून जास्त पाणी लागतं. म्हणजे कडेच्या झाडाला त्याच्या वर्षभराच्या वाट्याहून जास्त पाणी चार महिन्यांत.

टूना माशाचा किंवा कसलाही उथळ रिकामा डबा झाडाशेजारी ठेवा, झोन चालवा, किती भरतो बघा. डब्यात काहीही पाणी आलं तरी नोझल फिरवा किंवा ते हेड बंद करा, नोझल वळवायला छोटा स्क्रूड्रायव्हर लागतो आणि दोन मिनिटं. टायमरवर लिहून ठेवा नाहीतर मे महिन्यात सिस्टिम चालू करायला येणारा माणूस परत सगळं पूर्ववत करून जातो, माझ्याकडे दोनदा झालंय आणि दुसऱ्या वेळी पाच वर्षांचं झाड गेलं. ते झाड गेलं तेव्हा मला खरंच फार वाईट वाटलं, त्याला त्या वर्षी अकरा फुलं आली होती.

छताचं पाणी पडतं तो पन्हाळीचा पाइप कुठे सोडलाय तेही याच वेळी बघून घ्या.

गळ्याशी काय आहे

लाकडाचा भुसा, बार्क, कंपोस्ट, पाचोळा, यातलं काहीही मानेला टेकलेलं असेल तर आजच काढा. बाजारातला बार्क मल्च गुलाबाला चांगला, याला नाही, ओल धरतो. चार-पाच इंचांपर्यंत सगळं मोकळं करा आणि त्या जागी बारीक खडी पसरा, पाव ते अर्धा इंचाची, थर इंच-दीड इंच. खडीतनं पाणी लगेच खाली जातं आणि मान वाऱ्यावर सुकते, शिवाय पान मातीला टेकत नाही.

आणि आळं. आपल्याकडे झाड लावलं की आळं करायचंच, हात आपोआप मातीचं कडं करतो. आंब्याला, नारळाला बरोबर आहे. इथे उलटं करायचं, झाड खळग्यात नको, उंचवट्यावर हवं. सरी-वरंबा आठवा आणि झाड वरंब्यावर आहे असं समजा. तुमच्या झाडाभोवती खळगा असेल, मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर तिथे डबकं दिसत असेल (आणि डेन्व्हरला वर्षातला सगळ्यात जास्त बर्फ सरासरीनं मार्चमध्येच पडतो), तर कडं फोडून उताराच्या बाजूला पाण्याला वाट करून द्या. फुलावर बर्फ पडला तर त्याची काळजी करू नका, ते मिटतं, बर्फ गेला की परत उघडतं. पाणी वाहून जाणं महत्त्वाचं.

खत आणि तणनाशक

पानांचा पसारा आहे आणि फूल नाही, तर तीन प्रश्न विचारा. खत दिलंय का, ऊन किती मिळतं, झाड किती वर्षांचं. खत दिलं असेल तर बंद, शेणखत सुद्धा, अगदी प्रेमानं घरच्या कंपोस्टचं सुद्धा. नायट्रोजननं पानं सुटतात, देठ लिबलिबीत होतात आणि तीच आधी कुजतात. ऊन निदान सहा तास हवं, त्यात सकाळ-दुपारचं असेल तर उत्तम. आणि बियांपासनं केलेलं झाड दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलतं, त्याआधी नाही, तेव्हा थांबा.

पानं पिवळी न पडता पिळवटल्यासारखी, वाटीसारखी वळलेली दिसत असतील तर लॉनवर तणनाशक मिसळलेलं खत टाकलं होतं का ते आठवा, स्वतः किंवा लॉनवाल्यानं. ती औषधं रुंद पानाच्या तणासाठी असतात आणि आपलं झाडही रुंद पानाचंच, त्यातली काही मातीतनं मुळांवाटेही चढतात. थोडं वळलेलं असेल तर झाड सावरतं. पुढच्या वेळी पाच-सहा फूट लांब राहायला सांगा.

कळी कोणी खाल्ली

रस जळजळीत असल्यामुळे बरेचसे प्राणी हे झाड सोडून देतात, पण मार्चमध्ये दुसरं हिरवं काहीच नसतं आणि कळी कोवळी असते, त्यामुळे कळ्या जातात. देठ बघा. सुरीनं तिरका कापल्यासारखा स्वच्छ असेल तर ससा. चिंध्या झालेला, ओढून तोडलेला असेल तर हरीण. झाड हलतंय, ढिलं झालंय आणि बर्फ गेल्यावर गवतात दोन बोटं रुंदीच्या वाटा दिसतायत, तर व्होल म्हणून जो आखूड शेपटीचा उंदीर असतो तो, आणि त्यानं मूळ कुरतडलेलं असणार.

उपाय सगळ्यांना मिळून एकच मी करते, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी, फूटभर उंचीचा गोल करून फेब्रुवारीअखेर ठेवायचा, कडा दोन इंच मातीत, आणि फुलं उमलली की काढायचा. औषधं, तिखट, साबण वगैरे सगळं करून बघितलं, एका बर्फात धुऊन जातं.

रोप वर आलंय

हिवाळ्यात इथे एक दिवस शिनूक, म्हणजे डोंगरावरनं येणारा उबदार कोरडा वारा, सुटून दुपारी स्वेटर काढावा लागतो आणि रात्री परत सगळं गोठतं. ओली चिकणमाती गोठली की फुगते, वितळली की बसते, आणि पहिल्या वर्षाचं रोप त्यात इंच इंच वर ढकललं जातं. मूळ उघडं पडलं की कोरड्या वाऱ्यात दोन दिवसांत वाळतं. दुपारी माती सुटलेली असताना दोन्ही तळव्यांनी हळू दाबून परत बसवा, खडीचा थर द्या. गोठलेलं असताना दाबू नका, मूळ तुटतं. नवीन रोप असेल आणि महिनाभर बर्फच पडला नाही, तर ४० डिग्री फॅरनहाइटच्या वर तापमान असलेल्या दुपारी एकदा पाणी द्या. वर्षभर पाणी नको नको म्हणणारी मी एवढं एक पाणी मात्र नक्की द्या म्हणते, फक्त पहिल्या हिवाळ्यात.

निचरा मोजा

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि तरी झाडं मरतायत, किंवा तीच जागा दुसऱ्यांदा झाड खातेय, तर आता खणायची वेळ आली. खणण्याआधी ८११ ला फोन करा, फुकट आहे, ते गॅस आणि विजेच्या लाइनी कुठून गेल्यात त्याच्या खुणा करून देतात, खुणा व्हायला काही दिवस लागतात म्हणून आधीच करा. खड्डा एक फुटाचाच आहे म्हणून सोडून देऊ नका, केबल कधीकधी सहा इंचांवर असते.

एक फूट खोल खड्डा, पाण्यानं भरा, जाऊ द्या. परत भरा आणि आता पट्टी लावून घड्याळ बघा. तासाला एक-दोन इंच उतरलं तर निचरा चालेल. एक इंचाच्या आत उतरलं तर ती जागा या झाडाची नाही, कितीही लाड करा. दुसऱ्या दिवशी सकाळी खड्ड्यात पाणी तसंच दिसलं तर खाली कडक थर आहे किंवा बिल्डरनं दाबलेली माती आहे.

यातली एक चूक फार जण करतात. निचरा वाईट आहे म्हणून चिकणमातीत पोतंभर बारीक वाळू मिसळतात. त्यानं निचरा सुधारत नाही, वीट तयार होते. मीही केलंय, तो वाफा नंतर कुदळीनं फोडावा लागला.

उंचवटा करणं

हे सगळ्यात कष्टाचं, पण एकदा केलं की दहा वर्षं बघायला नको. मातीत खड्डा न करता मातीच्या वर ढीग करायचा, निदान ८ ते १२ इंच उंच, रुंदी तीन-चार फूट, उतार दक्षिणेकडे किंवा पूर्वेकडे. साहित्य म्हणजे इथल्या लँडस्केपच्या यार्डात स्क्वीजी नावाची बारीक गोल खडी मिळते ती अर्धी, आणि अर्धी तुमचीच माती, कंपोस्ट शून्य. स्क्वीजी नाही मिळाली तर ग्रॅनाइटचा भुगा चालतो, आपल्याकडे रस्त्यावर टाकतात त्या मुरमाचाच भाऊ, फक्त त्यातली पीठासारखी बारीक भुकटी चाळून काढा. चार-पाच तळहाताएवढे दगड अर्धे गाडून ठेवा, दगडाच्या खाली ओल टिकते आणि मूळ तिकडे जातं, डोंगरावर ते असंच दगडाच्या कपारीला धरून असतं.

रोप घेताना चार इंची कुंडीतलं छोटंच घ्या, मोठं फुललेलं बघून मोह होतो पण त्याचं मूळ कुंडीत गुंडाळलेलं असतं आणि या झाडाला हलवलेलं अजिबात सोसत नाही. लेबल बघा. दुकानात बहुतेक वेळा युरोपातलं पल्साटिला व्हल्गॅरिस असतं, गडद जांभळं, लाल, पांढरं. ते सुंदर आहे आणि थोडं जास्त पाणी सहन करतं. इथल्या डोंगरातलं म्हणजे पल्साटिला नटालियाना, काही लेबलांवर पॅटेन्स किंवा अनेमोनी पॅटेन्स असतं. तुमच्याकडे व्हल्गॅरिस असेल तर वरचं सगळं लागू आहेच, फक्त झाड तुम्हाला एखादी चूक माफ करेल.

नर्सरीची माती पीटची (दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाची) असते, स्पंजासारखी, ती चिकणमातीत तशीच ठेवली तर एकतर कायम ओली राहते किंवा एकदा वाळली की पाणीच आत घेत नाही. बादलीत पाणी घेऊन मूळ हलवत बाहेरची अर्धी पीट धुऊन टाका, जोर करू नका, आणि लगेच लावा. मान जमिनीच्या अर्धा इंच वर ठेवा. लावायचा काळ एप्रिल किंवा सप्टेंबर, भर उन्हाळ्यात नाही.

बिया उगवत नाहीत

हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे आणि खरं तर झाड विकत घेण्यापेक्षा हाच रस्ता बरा. मे-जूनमध्ये फुलाच्या जागी पिसांचा झुबका तयार होतो, देठ तोपर्यंत फूटभर लांब होतं. प्रत्येक बीला दीड-एक इंचाची केसाळ शेपटी. झुबक्याला नुसतं बोट लावलं आणि बी सुटून आली की ती पिकली, ओढावी लागली तर थांबा.

एक बी तळहातावर घ्या आणि शेपटीवर पाण्याचा थेंब टाका. बघत बसा. शेपटी हळूहळू पीळ सोडते आणि बी जागच्या जागी फिरते, वाळली की परत पिळते. डोंगरात ओलं-कोरडं होत होत ती अशीच स्वतःला खडीच्या फटीत खुपसून घेते. माझ्या मुलीला मी हे दाखवलं तेव्हा ती अर्धा तास हलली नाही.

बी उगवत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा एकच, बी जुनी आहे. ताजी, त्याच आठवड्यात पेरलेली बी तीन-चार आठवड्यांत उगवायला लागते. पाकिटात वर्षभर राहिलेली झोपी जाते, तिला ओल्या थंडीतनं न्यावं लागतं. ती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कुंडीत पेरून बाहेर उत्तरेच्या भिंतीला ठेवा, बर्फ पडू द्या, एप्रिलमध्ये उगवेल. पेरताना खोल पुरू नका, वर चिमूटभर बारीक खडी, बस. शेपटी काढली नाही तरी चालतं. आणि कुंडी दोन वर्षं फेकू नका, माझ्याकडे एक कुंडी दुसऱ्या वसंतात उगवली, मी तिच्यात तोवर कोथिंबीर पेरायला निघाले होते.

रोपाला तीन-चार खरी पानं आली की लगेच त्याच्या कायमच्या जागी लावा. उशीर केलात तर मूळ कुंडीच्या तळाला वळसे घालतं.

इथे थांबा, माणूस बोलवा

स्प्रिंकलर बंद असूनही जमीन सतत ओली, किंवा पाण्याचं बिल कारण नसताना वाढलंय, तर जमिनीखालची लाइन फुटलेली असू शकते. स्वतः खणत बसू नका, स्प्रिंकलर दुरुस्त करणारा माणूस बोलवा, व्हॉल्व्ह बंद करून तपासणं त्याचं काम आहे.

ओल घराच्या पायाशी असेल, भिंतीपासनं पाच फुटांच्या आत, तर झाडाचा विषय बाजूला ठेवा. फ्रंट रेंजच्या मातीत बऱ्याच ठिकाणी बेंटोनाइट नावाची चिकणमाती आहे, पाणी मिळालं की फुगते आणि पाया उचलते. तळघरात नवीन भेग, दार अडकतंय असं दिसलं तर स्ट्रक्चरल इंजिनियर. पायाजवळ हे झाड किंवा पाणी लागणारं कुठलंच झाड लावू नका. तसंच तीव्र उतारावरची किंवा रिटेनिंग वॉलच्या (माती अडवणाऱ्या भिंतीच्या) मागची माती काढायची असेल तर आधी माहितगार माणसाला दाखवा.

तीन वेगळ्या जागी, निचरा चांगला असताना, पाणी बंद असताना झाडं मरत असतील तर मातीत दुसरंच काही आहे. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचं एक्स्टेन्शन ऑफिस बहुतेक काउंटीत असतं, तिथे मास्टर गार्डनर, म्हणजे बागकामाचं शिक्षण घेतलेले स्वयंसेवक, फुकट बघून सांगतात आणि माती तपासायची सोयही सांगतात. जाताना मेलेलं झाड मानेसकट पिशवीत घालून न्या, नुसत्या पानाच्या फोटोवरनं कोणालाच कळत नाही.

लहान मुलानं पान किंवा फूल तोंडात घातलं तर वाट बघू नका, पॉयझन कंट्रोलला १-८००-२२२-१२२२ वर फोन करा, चोवीस तास चालू असतं. श्वास लागतोय, मूल बेशुद्ध पडतंय असं काही असेल तर थेट ९११. कुत्र्या-मांजरानं खाल्लं तर त्यांच्या डॉक्टरला.

आणि एक गोष्ट कोणी करू नये म्हणून सांगते, कारण मला दोघा-तिघांनी विचारलंय, डोंगरावर एवढी आहेत तर एक उकरून आणलं तर काय होतं? ओपन स्पेसमध्ये, म्हणजे सरकारनं राखलेल्या मोकळ्या डोंगरात, झाडं, फुलं, बिया काढायला मनाई आहे, ते झालंच. पण नुसतं मूळ म्हणून बघितलं तरी, ते खडकाच्या फटीत इतकं खोल गेलेलं असतं की तुमच्या हातात वरची मान आणि तुटलेला तुकडा येतो, आणि तो तुकडा तुमच्याकडे पंधरा दिवसांत मरतो. बी विकत घ्या किंवा कोणाच्या अंगणातनं मागून घ्या. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मागा, देणाऱ्याकडे तेव्हा झुबके सुटायला आलेले असतात, आणि कागदाच्या पाकिटात घ्या, प्लॅस्टिकमध्ये बुरशी येते. घरी आलात की त्याच संध्याकाळी पेरा.